नानांची विक्रांत आणि आमचा माळा

हरसूलला पाऊस लागला की तो लवकर थांबायचं नाव घेत नाही. कपडे वाळत नाहीत, वह्यांची पानं मऊ पडतात, काड्यापेटी चुलीजवळ ठेवावी लागते. रस्त्यावर कोणी दिसलंच तर डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन आवणीला निघालेली माणसं. चारी बाजूंनी डोंगर, साग आणि भाताची खाचरं. समुद्र इथून इतका लांब की आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी तो चित्रातच पाहिलेला. अशा गावात, आमच्या घरच्या मधल्या खोलीत, गेली दोन वर्षं एक लढाऊ जहाज बांधलं जातंय. लांबी ६१ सेंटीमीटर.

हे ऐकून पाहुणे हसतात. एका पाहुण्यांनी तर विचारलं, "सर, पोराला जहाजात पाठवणार का?" आम्ही काहीच बोललो नाही, कारण पहिल्या वर्षी आम्हीही असेच हसत होतो. पुढे जे झालं त्यात चूक आमची होती. ती सांगितल्याशिवाय या शौकाबद्दल लिहिणं बरोबर होणार नाही, म्हणून तीही सांगू.

जहाज बांधणारे दोघं. एक आमचा धाकटा, तेव्हा आठवीत. दुसरे त्याचे नाना, म्हणजे आमचे सासरे. त्यांना आम्ही अब्बा म्हणतो. ते मूळ रत्नागिरीकडचे. उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या नौदल गोदीत फिटर म्हणून गेली. नानी गेल्या, त्यानंतर वर्षभरात त्यांना लकव्याचा झटका आला आणि डावा हात अधू झाला. मुलाची अम्मी त्यांना इकडे घेऊन आली. ज्या माणसाने आयुष्यभर भोंग्याच्या आवाजावर घड्याळ लावलं, त्याला हरसूलच्या ओट्यावर बसून पाऊस बघण्यापलीकडे काम उरलं नव्हतं. दिवसातून चार-पाच वाक्यं बोलायचे. नमाज, जेवण, औषध, झोप.

शाळेत प्रकल्पासाठी एखादी वस्तू करून आणायची होती. मुलाने विमानवाहू नौका करायची ठरवली आणि मोबाईलवर शोधून एक आकृती छापून आणली. ६१ सेंटीमीटर म्हणजे तीन कागद जोडावे लागतात. ते जोडून तो जमिनीवर पसरून बसला होता. अब्बा काठी टेकत आले, उभ्या उभ्या बघत राहिले, मग म्हणाले, "ही आखूड आहे. पट्टी आण."

मोजली तर ५९ भरली. छापताना यंत्राने कागदात बसवण्यासाठी आकृती थोडी लहान केली होती. मुलगा म्हणाला, "दोनच सेंटीमीटर तर आहेत, नाना." अब्बा म्हणाले, "दोन सेंटीमीटर म्हणजे सात मीटर. सात मीटर जहाज तू कुठे टाकून आलास?"

त्या महिन्यातलं त्यांचं ते सर्वांत लांब वाक्य होतं.

आता हा सात मीटरचा हिशेब. प्रतिकृतीत सगळा खेळ प्रमाणाचा असतो. १:३५० म्हणजे जहाजावरच्या ३५० सेंटीमीटरला आपल्या हातात १ सेंटीमीटर. आपली जुनी आयएनएस विक्रांत होती ७०० फूट, म्हणजे सुमारे २१३ मीटर. भागिले ३५० केलं की ६१ सेंटीमीटर. पावणेसहा फुटांचा खलाशी या प्रमाणात ५ मिलिमीटरचा होतो, तांदळाच्या दाण्याएवढा. प्रमाण एकदा ठरलं की मग दार असो, शिडी असो की विमान, सगळं त्याच मापाने. जो डोळ्याच्या अंदाजाने करतो त्याचं खेळणं होतं. खेळणं वाईट नाही, पण ती वेगळी चीज.

जगात हा शौक जुना आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून नौदलाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती होत. त्या बहुधा १:४८ प्रमाणाच्या, म्हणजे फुटाला पाव इंच. नेपोलियनच्या लढायांत इंग्रजांच्या कैदेत पडलेल्या फ्रेंच सैनिकांनी जेवणातून उरलेली हाडं घासून, तासून जहाजं केली आणि बाजारात विकली. ती आज संग्रहालयांत काचेत आहेत. बकरी ईदनंतर आपल्या मोहल्ल्यांतून काय काय फेकलं जातं ते आठवून आम्ही थोडा वेळ गप्प झालो. दुसऱ्या महायुद्धात १:१२०० प्रमाणाची इवलीशी जहाजं सैनिकांना शिकवायला वापरत, लांबून दिसणारं जहाज आपलं की शत्रूचं ते ओळखता यावं म्हणून. पुढे प्लास्टिक आलं. जपानच्या शिझुओका प्रांतातल्या तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन १:७०० प्रमाणाची युद्धनौकांची मालिका काढली. जहाजांची वाटणी करून घेतली, एकाचं जहाज दुसऱ्याने करायचं नाही. या नौका पाण्याच्या रेषेपाशी कापलेल्या असतात, म्हणजे टेबलावर ठेवली की टेबलच समुद्र. आजही जगभर याच प्रमाणाची जहाजं सर्वांत जास्त दिसतात.

आपल्याकडे हे संच बाहेरून येतात आणि किंमत हजारांत जाते. आमच्यासारख्या पगारदार घरात ते बसत नाही आणि बसवूही नये असं आमचं मत आहे. पण पुठ्ठ्याचं जहाज प्लास्टिकपेक्षा कमी दर्जाचं, असं मुळीच नाही. पोलंड-जर्मनीकडे मोठी माणसं कागदाची जहाजं करतात आणि ती बघून खरं-खोटं कळत नाही.

आमच्या घरी पुठ्ठा आला तो लग्नपत्रिकांचा. जाड, गुळगुळीत, फुकट. पण आपल्या पत्रिकांवर वर बिस्मिल्लाह असतं, कुठे आयत असते. मुलगा कात्री लावणार तेवढ्यात अम्मीने हात धरला. मग प्रत्येक पत्रिकेचा तेवढा भाग आधी कापून वेगळ्या पिशवीत ठेवायचा, ती पिशवी मशिदीत द्यायची, आणि मग उरलेल्याचं जहाज. तोफांच्या नळ्या संपलेल्या रिफिलच्या. शिड्यांचे कठडे सुई-दोऱ्याचे. रडारची जाळी चहाच्या फाटक्या गाळणीची. डेकवरचे दोर अम्मीच्या शिवणाच्या डब्यातले, न विचारता घेतलेले. फेविकॉल, कटरची पाती, पॉलिश पेपर आणि राखाडी रंगाचा एक डबा एवढंच विकत आणलं. वहीत खर्च लिहिलाय, ३४० रुपये.

कोणती विक्रांत?

इथे पहिलं भांडण झालं. मुलाने जी चित्रं पाहिली होती त्यात जहाजाचं पुढचं टोक घसरगुंडीसारखं वर उचललेलं होतं. अब्बांनी ते चित्र बाजूला सारलं. "ही माझी नाही," म्हणाले.

दोघंही बरोबर होते. हे जहाज इंग्लंडमध्ये १९४३ साली बांधायला घेतलं, नाव एचएमएस हर्क्युलिस. १९४५ मध्ये पाण्यात उतरलं, तोवर महायुद्ध संपलं होतं, म्हणून अर्धवट पडून राहिलं. भारताने ते विकत घेतलं, बेलफास्टला पूर्ण करून घेतलं आणि ४ मार्च १९६१ रोजी ते विक्रांत नावाने नौदलात दाखल झालं. तेव्हा तिचा डेक पुढेही सपाट होता. विमानाला वाफेच्या यंत्राने झटका देऊन उडवत. पुढे सी हॅरियर विमानं आली, त्यांच्यासाठी ऐंशीच्या दशकात पुढच्या टोकाला चढ बसवला. म्हणजे एकाच जहाजाच्या दोन सुरती. प्रतिकृती करणाऱ्याने साल आधी ठरवायचं असतं, नाहीतर १९७१ च्या डेकवर १९९० चं विमान उभं राहतं आणि जाणकार माणूस बघताच ओठ दाबून हसतो.

अब्बांची विक्रांत १९७१ ची. ते तेव्हा एकवीस वर्षांचे, गोदीत उमेदवारी करत होते. १९७० मध्ये विक्रांत मुंबईच्या गोदीत आली ती बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमला तडे गेल्यामुळे. पूर्ण वेगाने चालायची तिची ताकद उरली नव्हती. युद्ध तोंडावर, आणि देशाची एकुलती एक विमानवाहू नौका अशी. शेवटी वेगाला मर्यादा घालून तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं. ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावच्या बंदरांवर हल्ले केले. तिला शोधत आलेली पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. हे आपण शाळेत शिकतो. पण अब्बांना त्यातली लढाई फारशी आठवत नाही. आठवतं ते बॉयलर खोलीतलं गरम, तेलकट अंधारं, आणि एका जुन्या कारागिराने कानशीत मारून शिकवलेलं, की नट आवळताना शेवटचा पाव फेरा डोळे मिटून हाताने ओळखायचा.

हे मुलाला सांगताना ते उजव्या हाताने तो पाव फेरा करून दाखवत. आम्ही दारातून बघत होतो. मुलाच्या अम्मीनेही ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली, तिचे स्वतःचे वडील असून.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. मग मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. आमच्या लग्नानंतर अब्बांनी आम्हाला तिथे नेलं होतं आणि तिकिटाच्या रांगेत उभं राहताना त्यांना लाज वाटली होती, हे आम्हाला अजून आठवतं. २०१२ मध्ये ती लोकांसाठी बंद झाली, २०१४ मध्ये लिलावात सुमारे ६० कोटींना भंगारात गेली आणि दारूखान्याच्या किनाऱ्यावर कापली गेली. तिच्या पोलादातलं काही वितळवून बजाजने मोटारसायकलीत वापरलं. आमच्या बाजारात तशी एक गाडी यायची. अब्बा तिच्या टाकीवर हात ठेवून उभे राहत. गाडीवाला बिचारा समजायचा, चाचांना गाडी घ्यायचीये.

चूक

आता आमचं. सहामाहीत मुलाला गणितात शंभरपैकी २७ गुण पडले. आम्ही बी.एड. झालेले, दुसऱ्यांच्या मुलांच्या पालकांना उपदेश करणारे. घरातच हे. त्या वेळी जहाज निम्मं तयार होतं. कणा, त्याला आडव्या बसवलेल्या पुठ्ठ्याच्या फासळ्या, वरून कातडीसारखा कागद, डेक, आणि उजव्या बाजूला ती चिमणीची इमारत. संध्याकाळी सहा ते आठ दोघं तिथेच. आम्ही आधी बोलून पाहिलं. मग फेब्रुवारीत एका रात्री, दोघं झोपल्यावर, जहाज उचललं आणि माळ्यावर ठेवलं. परीक्षा झाल्यावर देऊ, असं सकाळी सांगितलं. मुलगा रडला नाही. अब्बा ओट्यावर जाऊन बसले.

परीक्षा झाली. मग घरात भाचीचं लग्न निघालं, मग रमजान-ईदची बाकी राहिलेली देणी, मग सुट्टीतलं प्रशिक्षण. खरं सांगायचं तर आम्ही विसरलो. मुलानेही मागितलं नाही, आणि आम्ही त्याचा अर्थ 'शौक उतरला' असा लावून घेतला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात माळ्यावरचं एक कौल सरकलेलं होतं ते कळलं. वर चढलो तर जहाज फुगून केळीच्या सोपटासारखं झालं होतं. खालच्या बाजूला वाळवी.

खाली आणलं तेव्हा अब्बांनी फक्त चिमणीची इमारत तेवढी शाबूत आहे का ते बोट लावून पाहिलं. त्या रात्री जेवले नाहीत. मुलगा म्हणाला, "अब्बू, तुम्ही सांगितलं असतं तर मीच ट्रंकेत ठेवलं असतं."

आणि गणित? वार्षिकला ३१. माळ्यावर जहाज ठेवून चार गुण वाढले.

वर्गात मुलाची वस्तू जप्त करून टेबलाच्या खणात टाकणं आणि विसरणं, हे आम्ही शिक्षक लोक इतक्या सहज करतो की त्याची नोंदही होत नाही. आम्ही अब्बांची माफी मागितली. ते म्हणाले, "जहाज भिजतंच. पण पाण्यात भिजावं." आणि मुलाला हाक मारली, "पट्टी आण."

दुसरं जहाज

या वेळी अब्बांची अट होती, जहाज तरंगलं पाहिजे. मुलाला वाटलं सोपं आहे. अब्बांनी विचारलं, वजन किती ठेवशील? तिथून त्या घरात जे गणित सुरू झालं ते आम्ही आजवर कोणत्याच पाठात पाहिलं नाही.

लांबी ३५० पटीने कमी होते. रुंदीही, उंचीही. म्हणजे आकारमान ३५० गुणिले ३५० गुणिले ३५० पटीने कमी, ४ कोटी २८ लाख ७५ हजार पट. पूर्ण भरलेल्या विक्रांतचं वजन सुमारे १९,५०० टन. भागाकार केला तर येतात ४५५ ग्रॅम. अर्धा किलो साखरेपेक्षा कमी! मुलाचा विश्वास बसेना. तीन वेळा भागाकार केला, शून्यं मोजली. प्रतिकृती बरोबर ४५५ ग्रॅमची असेल तरच ती खऱ्या जहाजाइतकी, त्याच रेषेपर्यंत पाण्यात बसेल. जड झाली तर डेकपर्यंत बुडेल, हलकी झाली तर बदकासारखी वर राहील. अकरावीला विज्ञान घेतलेली थोरली मध्येच म्हणाली, "समुद्राचं पाणी खारं असतं, जड असतं. आपल्या टबातलं गोडं. म्हणून ४४४ ग्रॅम." अब्बांनी तिच्याकडे असं पाहिलं की आमची छाती भरून आली, खरं तर श्रेय तिच्या शाळेचं.

सुताराकडून सागाचे तुकडे आणले होते. पण भरीव साग ४४४ ग्रॅमच्या फार पुढे जातो, पोखरायला हत्यारं नाहीत. पुठ्ठा नको, त्याचा अनुभव ताजा. वाट दाखवली ती आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी. ते बोहाड्याचे मुखवटे करतात. आमच्या या जव्हार-मोखाडा-हरसूल पट्ट्यात बोहाडा म्हणजे रात्रभर चालणारा मुखवट्यांचा सण, हे बाहेरच्या वाचकांसाठी. ते शाळेत दाखला घ्यायला आले होते, जहाजाची गोष्ट निघाली, आणि म्हणाले, "सर, कागदाचं करा, पन खळ चिंचोक्याची घ्या. थरावर थर. एक थर वाळल्याबिगर दुसरा नको." चिंचोके भाजून, सोलून, दळून शिजवलेली ती खळ. पातळ कागदाच्या पट्ट्या. फासळ्यांवर उभे-आडवे थर, प्रत्येक थराला दोन दिवस, पावसाळ्यात चार. वरून पॉलिश पेपर आणि व्हार्निशचे पाच हात. बोट वाजवलं की नारळासारखा आवाज येतो.

किराणा दुकानाच्या तराजूवर वजन केलं, ३८५ ग्रॅम. म्हणजे ५९ ग्रॅम भर घालायची. अब्बांनी नटबोल्टांचा डबा मागवला.

टबात सोडली तेव्हा घरातले सगळे जमले होते, शेजारची मुलंही. ती तरंगली आणि हळूच उजवीकडे कलली. मुलाचा चेहरा उतरला. अब्बा मात्र हसायला लागले, आम्ही त्यांना वर्षभरात असं हसताना पाहिलं नव्हतं. विमानवाहू नौकेची चिमणी, पूल, डोलकाठी सगळं उजव्या कडेला असतं, विमानांना मधली जागा मोकळी मिळावी म्हणून. तेवढं वजन डाव्या बाजूने सांभाळावं लागतं. खरं जहाजही हे विसरून चालत नाही. त्यांनी नट एकेक करून डावीकडे, अगदी तळाशी सरकवायला लावले. "वर नको, खाली. वजन वर गेलं की माणूसही पडतो."

नावं आणि माणसं

आम्ही उर्दू आणि मराठी दोन्हींचे, म्हणून या खोलीत आमचं काम शब्दांचं. मुलाला एकदा म्हटलं, तुझ्या जहाजावरचे शब्द मोज. जहाज अरबी. सुकाणू अरबी 'सुक्कान'वरून. नांगर फारसी 'लंगर'वरून. बंदर फारसी. खलाशी अरबीतून आलेला. कोकणातला नाखवा म्हणजे फारसी 'नाखुदा', नावेचा मालक. आणि आरमार आलं ते पोर्तुगीज 'आर्मादा'तून. आंग्र्यांच्या आरमारात गुराब नावाची लढाऊ नौका असे. तो शब्द अरबी 'ग़ुराब', अर्थ कावळा. इंग्रजांनी तोच उचलून 'ग्रॅब' केला. कावळा अरबस्तानातून कुलाब्याला आला आणि तिथून इंग्रजांच्या दप्तरात. शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या अधिकाऱ्यांत दौलतखान होते, आणि समोर जंजिऱ्याला सिद्दी होते. समुद्रावर कोण कुठल्या बाजूला हे इतकं सरळ नव्हतं, हे मुलांना नावांवरूनच कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

आणि बांधणारेही इथलेच. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत इंग्रजांसाठी सागवानी जहाजं बांधली. त्यातलं एचएमएस त्रिंकोमाली १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं, जमशेटजी बमनजींच्या हाताखाली. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. त्याचे नकाशे पहिल्यांदा पाठवले ते एचएमएस जावा या जहाजातून. १८१२ मध्ये अमेरिकेच्या जहाजाशी लढताना जावा गेली आणि नकाशेही गेले, दुसरी प्रत पाठवावी लागली. आमच्या घरी त्यावर अब्बांचा शेरा, "नकाशा दोन ठिकाणी ठेवावा. माळ्यावर एकही नको."

एक प्रश्न थोरलीने विचारला तो इथे लिहितो. ती म्हणाली, हे शेवटी माणसं मारायचं यंत्र आहे, मग आपण त्याला इतकं सजवतो कशाला? आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. अब्बांनी तिला खुकरीची गोष्ट सांगितली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. दीवला समुद्राकडे तोंड करून तिचं स्मारक आहे, आणि तिथे काचेच्या घरात काय ठेवलंय? खुकरीची प्रतिकृती. मूळ जहाज तळाशी, कुणाला दिसत नाही. ज्यांच्या घरचं माणूस त्यात गेलं ते काय बघायला जाणार? थोरलीला हे पटलं की नाही आम्हाला माहीत नाही. ती उठून गेली, पण दुसऱ्या दिवसापासून कठड्यांचे दोरे तीच ओवते आहे.

डेकवर तांदळाएवढे खलाशी ठेवायचे का, हाही विषय निघाला. आम्ही नाही ठेवले. पुष्कळ प्रतिकृतीकारही ठेवत नाहीत, त्यांची कारणं वेगळी. विमानं मात्र आहेत. सी हॉकचा पंख पसरून साडेतीन सेंटीमीटरही भरत नाही, पाणबुड्या शोधणारं आलिझे साडेचार. ही दोन्ही विमानं खरी बघायची असतील तर गोव्यात बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. मुलांना घेऊन कोकणातून पुढे जाल तेव्हा तिथे थांबा, समुद्रकिनारा तिथून जवळच आहे. ज्यांची मुलं एनसीसीच्या नौदल विभागात आहेत त्यांनी चौकशी करावी. नौसैनिक शिबिरांत जहाजांच्या प्रतिकृतींची स्पर्धा असते, आणि तीत घरी शिकलेलं कामाला येतं.

घरी सुरू करायचं तर एकच सांगू. पहिलं जहाज लहान घ्या, पण माप पक्कं घ्या. कटरची पाती लहानांच्या हाती देऊ नका, आणि व्हार्निश लावताना खिडकी उघडी ठेवा, आमच्या घरी पहिल्या दिवशी सगळ्यांचं डोकं दुखलं. कोणी जुना फिटर, सुतार, शिंपी, लोहार घरात किंवा शेजारी बसून असेल तर त्यांना बोलवा. ते येणार नाहीत म्हणतील. चुकीचं माप त्यांच्यासमोर ठेवा, येतील.

नववीच्या सहामाहीत गणितात ५४ आले. जहाजामुळे आले असं आम्ही म्हणणार नाही, त्याच्या गणिताच्या सरांनी खूप मेहनत घेतली आहे, आणि भूमितीत तो अजून कच्चा आहे.

जहाज अजून पूर्ण नाही. डेकचा रंग राहिलाय. मुलाने गुपचूप पुढच्या टोकाचा चढ वेगळा करून ठेवलाय, काढता-घालता येईल असा. अब्बांना तो सापडला. परवा दुपारी आम्ही शाळेतून आलो तर ते एकटेच बसले होते, चढ बसवलेला, आणि पट्टीने त्याचा कोन मोजत होते. आम्हाला बघून म्हणाले, "अर्धा अंश जास्त घेतलाय त्याने," आणि पॉलिश पेपर मागितला.